हृदयकृमी, वन्य मांसाहारी प्राण्यांतील

कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड इ. मांसाहारी (कार्निव्होरा) गणातील प्राण्यांच्या हृदयाच्या उजव्या भागात व फुप्फुस रोहिणीत राहणाऱ्या आणि डासांमार्फत पसरणाऱ्या एका सूत्रकृमीला (गोल कृमीला) हृदयकृमी म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव डायरोफायलेरिया इमिटिस असे आहे. यातील ‘डायरो’ हा भाग भयंकर या अर्थाच्या व ‘फायलेरिया’ हा भाग धागा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून ‘इमिटिस’ म्हणजे निर्दय. शास्त्रीय नावे पुष्कळदा निरर्थक वाटतात. हे नाव मात्र समर्पक आहे. मनुष्यात हत्तीरोग उत्पन्न करणारे कृमी याच गटातील असल्याने दोहोंच्या शोधांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. या इतिहासात पाळीव कुत्रा सतत दिसतो. रानातील त्याचे आप्त मात्र फार उशिरा, आणि तेही बहुधा मेलेल्या अवस्थेतच, अभ्यासकांसमोर आले.

पूर्ण वाढलेली मादी सु. २५ ते ३० सेंमी. लांब, शेवयासारखी बारीक व पांढुरकी असते, नर सु. १२ ते १८ सेंमी. लांब असतो. मादी अंडी न घालता जिवंत सूक्ष्म डिंभ (भ्रूणानंतरची क्रियाशील पूर्व अवस्था, यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात) रक्तात सोडते. त्यांची लांबी सु. ०·३ मिमी. असते. रक्ताबरोबर ते डासाच्या पोटात जातात, त्याच्या मालपीगी नलिकांत (कीटकांच्या उत्सर्जक नलिकांत) वाढतात, दोनदा कात टाकतात आणि अखेरीस सोंडेत येऊन थांबतात. या वाढीस २७° से. तापमानात सु. १० ते १४ दिवस, १८° से. तापमानात सु. एक महिना लागतो व सु. १४° से. खाली ती थांबते. डास पुन्हा चावला की डिंभ सोंडेतून कातडीवर उतरतात व डासाने पाडलेल्या छिद्रातून आत शिरतात. कातडीखाली व स्नायूंत सु. तीन-चार महिने काढून ते हृदयाकडे पोहोचतात आणि संसर्गानंतर सु. साडेसहा महिन्यांनी त्यांची प्रजा रक्तात दिसू लागते. प्रौढ कृमी पाच ते सात वर्षे जगतात. रोहिणीचे अस्तर खरखरीत व जाड होणे, फुप्फुसातील रक्तदाब वाढणे, खोकला, धाप, जलोदर व शेवटी हृदय निकामी होणे, असा रोगाचा क्रम असतो. पाळीव कुत्रा यात दमतो. धावून शिकार पकडणाऱ्या प्राण्याला दमणे म्हणजे उपासमार होय.

शोधाचा इतिहास : कुत्र्याच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म कृमी दाव्हीद ग्र्यूबी व ओनेझीम दलाफाँ यांनी १८४३ मध्ये पॅरिस येथे प्रथम वर्णिले. प्रौढ कृमीला अमेरिकन निसर्गवैज्ञानिक जोसेफ लायडी (१८२३–९१) यांनी १८५६ मध्ये फायलेरिया इमिटिस हे नाव दिले. डायरोफायलेरिया ही स्वतंत्र प्रजाती रेलिए व आंरी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९११ मध्ये स्थापन केली. परंतु रक्तातील डिंभ व हृदयातील प्रौढ हे एकाच जीवाचे दोन टप्पे असतील, तर एका कुत्र्याच्या रक्तातून ते दुसऱ्याच्या हृदयात जातात कसे, हा प्रश्न बराच काळ तसाच राहिला.

या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यास कलकत्ता येथील एक निरीक्षण कारणीभूत झाले. टिमथी लूइस (१८४१–८६) यांना १८७२ मध्ये तेथील रुग्णांच्या रक्तात सूक्ष्म फायलेरिया आढळले. तुलनेसाठी त्यांनी शहरातील बेवारशी कुत्री तपासली व त्यांच्याही रक्तात असेच कृमी पाहिले. त्याच कुत्र्यांच्या महारोहिणीच्या भित्तीत त्यांना कृमींच्या गाठी सापडल्या आणि रक्तातील डिंभ या गाठींतील कृमींचे असावेत, असे त्यांनी मानले. वस्तुतः गाठींतील कृमी (स्पायरोसर्का ल्यूपाय) अगदी वेगळा. त्याची अंडी अन्नमार्गातून बाहेर पडतात व तो शेणकिड्यांमार्फत पसरतो. दोन जीवोपजीवी एकाच प्राण्यात एकत्र नांदत असले म्हणजे काय घोटाळा होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. रानटी प्राण्यांच्या बाबतीत तो पुढेही अनेकदा झाला.

चीनमधील अमॉय (सध्याचे श्यामेन) बंदरात वैद्यकी करणारे पॅट्रिक मॅन्सन (१८४४–१९२२) यांना तेथील कुत्र्यांच्या हृदयात हृदयकृमी वारंवार मिळत. कुत्र्यांवरील या अभ्यासानंतरच ते मनुष्याच्या फायलेरियाकडे वळले. आपल्या एका बाधित नोकराचे रक्त प्यालेल्या डासांचे विच्छेदन करून कृमी डासात वाढतो, हे त्यांनी १८७७ मध्ये दाखविले. रोगकारक जीवाची वाढ रक्तपिपासू कीटकात होते याचा हा पहिला पुरावा होय. मात्र डास एकदाच रक्त पितो, अंडी घालून पाण्यात मरतो व कृमी पिण्याच्या पाण्यातून माणसात जातो, अशी मॅन्सन यांची समजूत होती. ही चुकीची समजूत सु. वीस वर्षे टिकली. तिचे एक कारण असे की, माणसावर प्रयोग करून ती तपासणे कोणालाही शक्य नव्हते.

कुत्र्यावर ते शक्य होते. १९०० साली अवघ्या काही महिन्यांत हा प्रश्न सुटला. ऑस्ट्रेलियातून टॉमस बँक्रॉफ्ट यांनी पाठविलेल्या डासांचे छेद घेऊन जॉर्ज कार्माइकेल लो यांनी लंडन येथे मनुष्याच्या फायलेरियाचे डिंभ डासाच्या सोंडेत पाहिले. भारतात सिडनी प्राइस जेम्स यांनाही तसेच आढळले. त्याच वर्षी इटलीत जोव्हान्नी बात्तीस्ता ग्रास्सी (१८५४–१९२५) व जोव्हान्नी नोए यांनी कुत्र्याच्या हृदयकृमीचा प्रसार डासाच्या दंशानेच होतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. पुढील काही वर्षांत ब्रिझ्बेन येथे बँक्रॉफ्ट यांनी स्वतंत्रपणे तसेच प्रयोग केले. हत्तीरोगाविषयीच्या आपल्या ज्ञानाचा एक महत्त्वाचा दुवा असा कुत्र्याकडून मिळालेला आहे. सूक्ष्म फायलेरिया रात्री त्वचेजवळच्या रक्तात व दिवसा फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत का जमतात, याच्या उलगड्यातही कुत्र्यांतील डायरोफायलेरियांचा आधार घेतला गेला, हे काम ब्रिटिश संशोधक फ्रँक हॉकिंग (१९०५–८६, भौतिकीविज्ञ स्टीव्हन हॉकिंग यांचे वडील) यांनी १९५० च्या सुमारास केले.

रानाकडे लक्ष : विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात हृदयकृमी हा ‘कुत्र्याचा कृमी’ म्हणूनच ओळखला जाई. वन्य प्राण्यांतील नोंदी तुरळक होत्या आणि त्यांतील पुष्कळशा प्राणिसंग्रहालयांतून आलेल्या होत्या. हे स्वाभाविक होते. तेथे प्राणी मेला की शवविच्छेदन होते, रानात मेलेल्या लांडग्याचे हृदय कोणी उघडून पाहत नाही. शिवाय संग्रहालये बहुधा उबदार, डासांनी भरलेल्या शहरांत असतात व भोवती कुत्री असतात. त्यामुळे ज्या प्राण्यांची मूळ भूमी या कृमीपासून दूर होती, तेही पिंजऱ्यात बाधित झाले. हिमबिबळ्या, काळ्या पायाचे आफ्रिकी रानमांजर व समुद्रसिंह ही अशी उदाहरणे होत. मांजर कुलातील प्राण्यांत थोडेच कृमी वाढतात व त्यांचे डिंभ रक्तात क्वचितच आढळतात; परंतु एखाददुसरा कृमीही त्यांना मारक ठरू शकतो. अमेरिकेत कोंडून ठेवलेल्या कॅलिफोर्निया समुद्रसिंहांत हृदयकृमी आढळल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. सीलांचा स्वतःचा असा निराळा हृदयकृमी असतो व त्याचेही नामकरण लायडी यांनीच १८५८ मध्ये केले होते. पण तो डासांनी नव्हे, तर सीलांच्या अंगावरील उवांनी पसरतो. समुद्रात डास नसतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही व्यवस्था उलगडते.

मोकळ्या रानातील प्राण्यांची पद्धतशीर तपासणी जिला म्हणता येईल, ती उत्तर अमेरिकेत सुरू झाली व तिची प्रेरणा वन्यजीवांविषयीची आस्था ही नव्हती. पशुपालकांच्या तक्रारींवरून कोयोट (लांडग्याहून लहान, श्वान कुलातील प्राणी) व लांडगे यांना सरकारी खर्चाने सापळे व विष लावून मारले जाई. मारलेल्या प्राण्यांची शवे संशोधकांना उपलब्ध झाली. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या टेक्सस व लुइझिॲना राज्यांतील कोयोटांत बाधितांचे प्रमाण फार मोठे असून ते वयाबरोबर वाढत जाते, हे यातून कळले. कृमी वर्षानुवर्षे जगतात व दर पावसाळ्यात नव्यांची भर पडते, म्हणून असे घडते. वन्य प्राण्यांतील हृदयकृमीविषयीचे आपले बरेचसे ज्ञान अशा रीतीने त्यांच्या संहाराचे उपउत्पादन आहे, हे विसरता येत नाही.

तांबडा लांडगा : या इतिहासातील सर्वांत हृद्य प्रकरण तांबड्या लांडग्याचे (कॅनिस रूफस) आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात एके काळी सर्वत्र असलेला हा प्राणी शिकारीमुळे व जंगलतोडीमुळे हटत हटत १९६० नंतर टेक्ससच्या व लुइझिॲनाच्या सीमेवरील किनारी दलदलीत तेवढा उरला. ही त्याच्या आवडीची भूमी नव्हती, माणसाला नकोशी असलेली भूमी होती. तेथील खाऱ्या दलदलीत डासांचे थवे इतके दाट उठतात की, गुरे हैराण होतात. लांडग्यांना खरूज, अंकुशकृमी व हृदयकृमी या तिन्हींनी घेरले होते. सरकारी सापळेकरी ग्लिन रायली व त्यांचे सहकारी रॉय मॅकब्राइड यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ही विदारक अवस्था नोंदविली आहे. जे लोक लांडगे मारण्यात निष्णात होते, त्यांच्यावरच ते जिवंत पकडण्याचे काम आता आले. वाढलेल्या लांडग्यांपैकी बहुतेकांच्या हृदयात कृमी होते. जोडीदार दुर्मिळ झाल्यामुळे उरलेले लांडगे कोयोटांशी संकर करू लागले होते. त्यामुळे प्राण्यांना जागेवरच राखण्याचा विचार सोडून ते सर्व पकडून दूर नेण्याचे ठरले.

१९७३ ते १९८० या काळात ४०० हून अधिक श्वानकुलीन प्राणी पकडण्यात आले. त्यांतील ४३ तांबडे लांडगे असावेत असे मानून प्रजननासाठी निवडले गेले व अखेर केवळ १४ प्राण्यांपासून आजची सर्व संतती उत्पन्न झाली. त्यांना वॉशिंग्टन राज्यातील टकोमा येथील पॉइंट डिफायन्स प्राणिसंग्रहालयाच्या देखरेखीखाली, थंड वायव्येकडे, ठेवले गेले. १९८० मध्ये ही जाती रानातून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले.

पकडलेल्या लांडग्यांवर उपचार करणे सोपे नव्हते. त्या काळी प्रौढ कृमी मारण्यास आर्सेनिकयुक्त औषध शिरेतून द्यावे लागे. ते यकृत व मूत्रपिंडे यांना विषारी असून मात्रा व परिणाम यांतील अंतर थोडे असे. खरा धोका मात्र औषध लागू पडल्यानंतरचा असतो. मेलेले कृमी रक्ताबरोबर फुप्फुसाच्या बारीक रोहिण्यांत जाऊन अडकतात व रोग्याने काही आठवडे अगदी स्वस्थ पडून राहणे आवश्यक असते. पाळीव कुत्र्याला साखळीने बांधून ठेवता येते. नुकत्याच पकडलेल्या, पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणाऱ्या लांडग्याला विश्रांती कशी द्यावी? जवळपास नामशेष झालेल्या जातीच्या एकेका प्राण्याबाबत, कृमी राहू द्यावेत की औषधाची जोखीम घ्यावी, याचा निर्णय पशुवैद्यांना करावा लागे.

१९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲलिगेटर रिव्हर अभयारण्यात चार जोड्या सोडण्यात आल्या. हाही सखल, दलदलीचा व डासांचा प्रदेश असल्याने हृदयकृमी तेथे होताच. योगायोग असा की, त्याच वर्षी आयव्हरमेक्टिन हे औषध कुत्र्यांतील हृदयकृमीच्या प्रतिबंधासाठी अमेरिकेत मान्य झाले. जपानमधील मातीत सातोशी ओमुरा यांना सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून विल्यम कॅम्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केले होते. या दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. महिन्यातून एकदा अल्प मात्रेने दिल्यास ते वाढत्या डिंभांना मारते, म्हणून कुंपणातील लांडग्यांचे रक्षण करता येऊ लागले. कुंपणाबाहेर दरमहा औषध पोहोचविणे अशक्यच आहे. रानातील तांबड्या लांडग्यांची संख्या एका वेळी शंभराच्या वर गेली होती. पुढे गोळीबार, वाहनांची धडक व कोयोटांशी संकर यांमुळे ती घसरून विसाच्या आसपास आली. या घसरणीस हृदयकृमी हे मुख्य कारण नव्हे. पण ज्यांना एकेक पिलू मोलाचे आहे, अशा कळपात आणखी एक ओझे म्हणून तो आहेच.

राखाडी लांडग्याकडेही हा कृमी सरकत गेला. उत्तरेकडील मिनेसोटा राज्यातील लांडग्यांत हृदयकृमी आढळल्याची नोंद डेव्हिड मेक व त्यांच्या सहकाऱ्याने १९८७ मध्ये केली. कॅलिफोर्नियात हा कृमी मूळचा नव्हे. तेथे १९७५ नंतरच्या दहा वर्षांत गोळा करून ठेवलेले कोयोटांचे रक्तजल प्रतिजन परीक्षेने पुढे तपासण्यात आले व त्यावरून प्रसाराचा क्रम जुळविता आला. झाडांच्या ढोलींतील पाण्यात वाढणाऱ्या ईडिस सिएरेन्सिस या डासाच्या वस्तीशी कोयोटांतील संसर्गाचा निकट संबंध दिसून आला. म्हणजे कुत्र्यांबरोबर कृमी आला, स्थानिक डासाने त्याला थारा दिला व कोयोटाने तो रानात पसरविला. जुन्या टायरांबरोबर आलेला आशियाई ईडिस ॲल्बोपिक्टस हा डास १९८५ मध्ये टेक्सस राज्यात आढळला. तोही या कृमीचा वाहक आहे. आजवर साठांहून अधिक जातींचे डास या कामी येऊ शकतात असे दिसून आले असल्यामुळे, एखादी जाती हटवून रोग आटोक्यात येईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

सर्वच प्राणी या कृमीला सारखे मानवत नाहीत. कोयोट व कोल्हा यांच्या रक्तात डिंभ विपुल असतात, म्हणून ते रोगसाठा ठरतात. तांबड्या खोकडीत कृमी वाढले, तरी डिंभ थोडे असतात. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तर भागातील डिंगो (रानटी कुत्रा) मोठ्या प्रमाणावर बाधित आहे.

इतर डासवाहित कृमी : याच प्रजातीतील काही कृमी हृदयाऐवजी कातडीखाली राहतात. उत्तर अमेरिकेतील रॅकूनमध्ये डायरोफायलेरिया टेन्युइस (१९४२ मध्ये वर्णन) व मांजर कुलातील बॉबकॅट आणि फ्लॉरिडा पँथर यांच्यात डायरोफायलेरिया स्ट्रायाटा आढळतो. प्राण्यांना त्यांचा फारसा उपद्रव होत नाही. मात्र डास माणसालाही चावत असल्याने फ्लॉरिडात मनुष्याच्या कातडीखाली अधूनमधून गाठी येतात व त्यांत रॅकूनचा कृमी सापडतो. हृदयकृमीचे डिंभही माणसात पूर्ण वाढू शकत नाहीत. ते फुप्फुसात मरून गाठ होते. क्ष-किरण चित्रात ती नाण्यासारखी दिसते व कर्करोग समजून शस्त्रक्रिया केली गेल्याची उदाहरणे आहेत.

आशियात ब्रुगिया प्रजातीला अधिक महत्त्व आहे. मलायातील पाहांग भागातील मांजरांत व कुत्र्यांत सापडलेल्या एका कृमीचे वर्णन बक्ली व एडिसन यांनी १९५६ मध्ये केले (ब्रुगिया पाहांगी). दलदलीच्या अरण्यातील वाघ, उदमांजर इ. वन्य मांसाहारी प्राण्यांतही तो असल्याचे पुढील तपासण्यांत आढळले. मनुष्यात हत्तीरोग उत्पन्न करणाऱ्या ब्रुगिया मलायी या कृमीचा मलायातील एक प्रकारही मांजर, उदमांजर व पानखाऊ माकडे यांच्यात राहतो. दोन्हींचे वाहक मॅन्सोनिया डास असून त्यांच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांना टोचून हवा घेतात. केन्यातील पाटे बेटावर कुत्री, मांजरे व जेनेट या रानटी प्राण्यात ब्रुगिया पाटेई (१९५८) आणि लुइझिॲनातील रॅकूनमध्ये ब्रुगिया बीव्हरी (१९६४) या जाती मिळाल्या.

यूरोपातील व भारतातील स्थिती : भूमध्य समुद्राभोवती व पो नदीच्या खोऱ्यात हृदयकृमी पूर्वीपासून आहे. गेल्या काही दशकांत कोल्ह्याने बाल्कन प्रदेशातून मध्य यूरोपाकडे मोठ्या प्रमाणावर विस्तार केला असून बल्गेरिया, सर्बिया व रूमानिया येथील कोल्ह्यांत हा कृमी आढळला आहे. उन्हाळे लांबल्यामुळे डासांत डिंभांची वाढ पूर्ण होण्याजोगे दिवसही तेथे वाढले आहेत.

भारतात कुत्र्यांतील हृदयकृमी मुख्यतः ईशान्येकडील राज्यांत, तर कातडीखाली राहणारा डायरोफायलेरिया रेपेन्स केरळात विशेष आढळतो. मुंबईतील कुत्र्यांतही तो सापडला आहे. माणसाच्या डोळ्याच्या श्लेष्मपटलाखालून जिवंत कृमी काढल्याच्या केरळातील बऱ्याच नोंदी या दुसऱ्या जातीच्या आहेत. केरळातील चेर्तला भाग ब्रुगिया मलायीमुळे होणाऱ्या हत्तीरोगासाठी प्रसिद्ध आहे. भारतातील हा प्रकार केवळ माणसातच राहतो असे दीर्घकाळ मानले जाई व हत्तीरोग निर्मूलनाचा सामूहिक औषधयोजनेचा मार्ग याच समजुतीवर आधारलेला आहे. अलीकडे केरळातील कुत्र्यांच्या रक्तात याच कृमीचे डिंभ आढळल्याने त्या भागातील प्राण्यांच्या तपासणीस नवे महत्त्व आले आहे.